वाचक विचारतात: तटाच्या आतलं केबेक

मागच्या अंकात मी कॅनडातल्या केबेक सिटीबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, की तिकडे एक फ्रेंच बोलणारं गाव आहे, त्याला आपल्यासारखी तटबंदी आहे आणि ती अजून उभी आहे. एवढंच. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. आधीच सांगते, मी काही टूरवाली नाही. माझी धाकटी बहीण माँट्रियलला असते, तिच्याकडे दोनदा जाणं झालं, एकदा ऑक्टोबरात शहाण्यासारखं आणि एकदा फेब्रुवारीत हट्टाने, आणि दोन्ही वेळा केबेकला राहिले.

ताई, आमची लेक माँट्रियलला असते, जूनमध्ये जातोय. जावई म्हणतात केबेक एका दिवसात बसने होतं, सकाळी जायचं रात्री परत. होतं का खरंच? (शाहूपुरी, साताऱ्याचं एक निवृत्त जोडपं)

काका-काकू, होतं की. मुंबईच्या पाहुण्यांचं कास, ठोसेघर, सज्जनगड आणि वर कंदी पेढ्यांची खरेदी एका दिवसात "होतं" ना, तसंच होतं. माँट्रियल ते केबेक साधारण 250 किलोमीटर, म्हणजे आपलं सातारा-मुंबई धरा, जाऊन येऊन सहा-सात तास गाडीतच गेले, मग उरलेल्या वेळात बसवाला एका मोठ्या हॉटेलासमोर उतरवतो, सगळे तिथं फोटो काढतात, एका गल्लीत मॅग्नेट घेतात आणि चला बसा. जावईबापूंना म्हणावं दोन रात्री काढा, तटाच्या आत नाही परवडलं तर तटाला लागून बाहेर बघा, पण चालत दरवाज्यातून आत जाता येईल असं बघा. ट्रेनने गेलात तर आणखी बरं, तिथलं गार द्यु पाले स्टेशन अगदी जुन्या गावाच्या पायथ्याशी आहे.

का म्हणते दोन रात्री, तर हे गाव दोन मजली आहे. खाली नदीकाठचं गाव आणि वर कड्यावरचं गाव. खालचं आधीचं, सामुएल द शाँप्लेन नावाच्या फ्रेंच माणसाने 1608 मध्ये तिथं लाकडी वखार कम घर बांधलं, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या 22 वर्षं आधी. ती जागा म्हणजे आजचा प्लास रॉयाल हा छोटा चौक. सकाळी आठच्या आत जा, क्रूझची माणसं उतरायच्या आधी. मी गेले तेव्हा चौकात एक पाव घेऊन जाणारा माणूस, एक कुत्रं आणि मी, बस. दगडी घरं, उतरती छपरं, आणि एका बाजूला नोत्र-दाम-दे-व्हिक्तुआर हे चिमुकलं चर्च, 1688 चं. आत छताला एक जहाज टांगलेलं आहे, म्हणजे जहाजाची लाकडी प्रतिकृती. नावातले "विजय" म्हणजे 1690 आणि 1711 साली इंग्रजांचं आरमार चालून आलं आणि दोन्ही वेळा हात हलवत परत गेलं, ते. तिसऱ्यांदा मात्र गावाला नशिबाने साथ दिली नाही आणि ते इंग्रजांकडे गेलं, ते खाली कराडच्या दादांच्या उत्तरात येतंय.

चौकाशेजारीच पती-शाँप्लेनची अरुंद गल्ली, सगळ्या फोटोंत येते ती. छान आहे, पण दुकानं आहेत हो शेवटी. तिथून वर जायला पायऱ्या आहेत, त्यांचं नावच "मान मोडणाऱ्या पायऱ्या", एस्कालिए कास-कू, मोजून 59. वर गेलं की दुफरँ टेरेस, म्हणजे कड्याच्या कडेने लांबलचक लाकडी फळ्यांचा कट्टा. संध्याकाळी तिथं बसा आणि काही करू नका. खाली सेंट लॉरेन्स नदी, मागे शातो फ्राँतनाक हॉटेल, हिरवट तांब्याच्या छपरांचं, गढीसारखं दिसणारं. 1893 मध्ये रेल्वे कंपनीने आपल्या प्रवाशांसाठी बांधलं, त्यामुळे तो राजवाडा वगैरे नाही, पण 1943 आणि 1944 ला चर्चिल आणि रूझवेल्ट महायुद्धाच्या बैठकांना केबेकलाच आले होते आणि त्या काळात या हॉटेलात नुसती लष्करी धावपळ होती. राहणं आपल्या खिशाबाहेरचं, लॉबीत मात्र बिनधास्त फिरून या. आणि खरा राजवाडा, म्हणजे गव्हर्नरचा वाडा, 1834 मध्ये जळाला, त्याचे अवशेष त्याच लाकडी फळ्यांच्या खाली आहेत, उन्हाळ्यात आत उतरून बघता येतात. आमच्या पायाखाली वाडा होता आणि आम्ही वर बसून शेंगदाणे खात होतो, साताऱ्याहून नेलेले.

क्युबेक की केबेक? आणि ते शहर आहे की राज्य? (सांगली)

तिथली माणसं केबेक म्हणतात. प्रांतही तोच, त्याची राजधानीही तीच. शब्द मूळचा तिथल्या आदिवासी अल्गाँकिन भाषेतला, अर्थ "जिथं नदी अरुंद होते". दुफरँ टेरेसवरनं खाली बघितलं की नाव लगेच पटतं.

मी आठवड्याला एक किल्ला करतो. आपल्याकडे एवढे गडकोट असताना तिकडच्या तटबंदीत काय बघायचं? इन्स्टावर तर नुसत्या केकसारख्या दिसतात भिंती. (कराडचा एक ट्रेकर)

दादा, प्रश्न आवडला, आणि निम्मं तुमचं बरोबर आहे. राजगड-तोरणा बघितलेल्या माणसाला हा तट उंचीने काही वाटणार नाही. पण मेक्सिकोच्या उत्तरेला अख्ख्या अमेरिका खंडात ज्याचा तट अजून शिल्लक आहे असं गाव हे एकच, साधारण 4.6 किलोमीटरचा तट, आणि 1985 पासून युनेस्कोच्या यादीत. आणि मुख्य म्हणजे फुकटात वरून चालता येतं. आपल्याकडे फांजीवरून, म्हणजे तटावरच्या वाटेवरून, चालतो ना तसंच, फक्त एका बाजूला दरीऐवजी ट्रॅफिक आणि दुसऱ्या बाजूला लोकांची परसदारं. मी सेंट लुई दरवाज्यापासून सेंट जाँ दरवाज्यापर्यंत चालले, तटावर गवत, जंग्यांमधून, म्हणजे तटातल्या भोकांतून, खाली बघितलं तर एक बाई कपडे वाळत घालत होती.

आता तुम्ही म्हणाल दरवाजे मूळचे का. नाही. चारही नंतरचे. आणि ती गोष्टच खरी ऐकण्यासारखी आहे. 1871 मध्ये इंग्रज पलटणी गेल्यावर गावातले व्यापारी म्हणायला लागले की हा तट काय कामाचा, गाड्या अडतात, पाडा. दरवाजे पाडायला सुरुवात झाली पण. तेव्हा कॅनडाचा गव्हर्नर जनरल होता लॉर्ड डफरिन, तो आडवा आला, म्हणाला तट ठेवा, पाहिजे तर दरवाजे रुंद करून नवीन बांधा, खालून गाड्या जाऊ दे वरून माणसं. म्हणून तट वाचला. आणि हा डफरिन कोण, तर तोच जो पुढे 1884 ते 1888 हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता, त्याच्या काळात काँग्रेस स्थापन झाली, आणि त्याच्या बायकोने इथल्या बायकांच्या दवाखान्यांसाठी फंड काढला म्हणून गावोगाव डफरीन हॉस्पिटलं निघाली, सोलापूरचा डफरीन चौक आठवा. सांगलीकरांना आयर्विन पूल म्हटल्यावर जसं व्हाइसरॉय-बिइसरॉय काही आठवत नाही, पूर आणि पाण्याची पातळी आठवते, तसंच केबेकच्या पोराला दुफरँ, म्हणजे फ्रेंच उच्चारातला डफरिन, म्हटल्यावर फक्त फळ्यांचा कट्टा आठवतो. मला मात्र ती पाटी वाचून एकदम सोलापूरच्या मावशीचं घर आठवलं, बहीण म्हणे तू कुठेही गेलीस तरी सोलापूरला पोचतेस.

दरवाज्यांपैकी केंट दरवाज्याला राणी व्हिक्टोरियाने स्वतः पैसे दिले, तिच्या वडिलांच्या नावाने, ते तरुणपणी केबेकला पलटणीत होते. सेंट जाँ आत्ताचा 1939 चा, प्रेस्कॉट तर 1983 चा. म्हणजे दरवाज्याच्या देवडीत हात फिरवून "काय दगड आहे" म्हणायला जाऊ नका, तो तुमच्या वडिलांपेक्षा लहान निघायचा.

बालेकिल्ला म्हणाल तर सितादेल. 1820 पासून पुढे तीसेक वर्षं इंग्रजांनी बांधला, चांदणीच्या आकाराचा, अमेरिकन चालून येतील या भीतीने. 1775 च्या 31 डिसेंबरला ते एकदा आलेही होते, बर्फाच्या वादळात, त्यांचा सेनापती माँटगोमेरी तिथंच पडला. सितादेल बांधून झाल्यावर मात्र कोणीच आलं नाही. आत आजही पलटण आहे, रॉयल 22 वी रेजिमेंट, फ्रेंच बोलणारी, आणि उन्हाळ्यात सकाळी 10 वाजता लाल कोट आणि अस्वलाच्या केसांच्या टोप्या घालून पहारा बदलतात, हुकूम सगळे फ्रेंचमध्ये. त्यात एक बोकड असतो, बातीस त्याचं नाव, शिंगं सोन्याच्या रंगात रंगवलेली, अंगावर झूल. पहिला बोकड 1955 मध्ये राणी एलिझाबेथने दिला, मेला की नवीन येतो पण नाव तेच. सातारकर म्हणून मला हे सगळं बेंदराच्या बैलासारखं वाटलं आणि मी तिथं मोठ्याने हसले, पुढच्या माणसाने वळून बघितलं. तिकीट काढून गाईडबरोबरच आत सोडतात, एकटं भटकता येत नाही.

आणि आता तुमच्या आवडीचा भाग. सितादेलच्या शेजारी मोकळं मैदान आहे, प्लेन्स ऑफ अब्राहम. 1759 चा सप्टेंबर, म्हणजे आपल्या पानिपताच्या 16 महिने आधी. इंग्रजांनी उन्हाळाभर नदीपलीकडून तोफा डागून खालचं गाव पार भाजून काढलं होतं पण वर चढता येत नव्हतं. शेवटी 12 सप्टेंबरच्या रात्री त्यांचा सेनापती वुल्फ, वय 32, होड्यांतून आला आणि गावाच्या वरच्या अंगाला आन्स-ओ-फुलाँ नावाच्या जागेपाशी अंधारात त्याची माणसं कडा चढली. ऐकल्यावर सिंहगड आठवतो की नाही? घोरपड सोडून सगळं आहे. सकाळी फ्रेंच सेनापती माँकाम बघतो तर मैदानात इंग्रज रांगा करून उभे. तटाच्या आत थांबून मदत येईपर्यंत कळ काढायची सोडून तो बाहेर पडला, आणि खरी लढाई अर्ध्या तासाच्या आत आटोपली. वुल्फ तिथंच मेला, माँकाम दुसऱ्या दिवशी पहाटे. पाच दिवसांनी गाव इंग्रजांच्या हातात, आणि 1763 च्या तहात फ्रान्सने जवळजवळ सगळा कॅनडा सोडला. हे तेच युद्ध बरं का, ज्यात इकडे आपल्याकडे वांदिवाशला फ्रेंच हरले.

माँकाम बाहेर का आला यावर तिथले लोक अजून भांडतात, आमचा गाईडही दोन मिनिटं त्यावर तावातावाने बोलला. मला मैदानात उभं राहून आपला मंगळाई बुरुज आठवत होता. 1699 च्या डिसेंबरात औरंगजेबाने अजिंक्यतारा वेढला, सुरुंग लावले, बुरुज उडाला तो त्याच्याच माणसांवर कोसळला, आणि आतले लोक आतच राहून साडेचार महिने लढले. गड गेलाच शेवटी, पण साडेचार महिने. मी हे गाईडला मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं, तो म्हणाला तुमच्याकडे हे मैदान आहे का बघायला, मी म्हटलं मैदान कसलं, वर दूरदर्शनचा टॉवर आहे आणि लोक मॉर्निंग वॉकला जातात. तर तो म्हणाला इथंही तेच. खरंच, प्लेन्सवर सगळे पळत होते.

जाता जाता, टेरेसच्या शेजारच्या बागेत एक उंच दगडी खांब आहे, 1828 चा. वुल्फ आणि माँकाम, जिंकलेला आणि हरलेला, दोघांना मिळून एकच स्मारक. ते चुकवू नका.

माझे गुडघे गेलेत. तुम्ही नुसत्या पायऱ्याच सांगताय. (गोडोली)

वहिनी, गुडघेवाल्यांसाठी 1879 पासून सोय आहे. खालच्या गल्लीतून थेट टेरेसवर जाणारा डबा आहे, फ्युनिक्युलर म्हणतात, कड्याला टेकून सरकणारी लिफ्टच समजा, मिनिट-दोन मिनिटांत वर. खालच्या गावातला रस्ता दगडी फरशांचा आहे, तिथं स्पोर्ट शूज घाला, चप्पल नको. टेरेसवरून प्लेन्सकडे जाणारी 310 पायऱ्यांची सुंदर लाकडी वाट आहे, तिचा फोटो बघा आणि सोडून द्या, वर टॅक्सीने जा.

आम्ही शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण चालतो. उपाशी मरू का? (वाई)

मरत नाही, पण विचारल्याशिवाय काही तोंडात घालू नका. तिथला वडापाव म्हणजे पुतीन: बटाट्याचे तळलेले काप, वर ताज्या चीजच्या गुठळ्या आणि वर गरम तपकिरी रस्सा. गुठळी ताजी असेल तर दाताखाली कुईकुई वाजते, खरंच वाजते. पण तो रस्सा बहुतेक ठिकाणी कोंबडीच्या नाहीतर गाईच्या हाडांचा असतो, तेव्हा "वेजे" रस्सा आहे का विचारायचं, बऱ्याच जागी मिळतो. वाटाण्याचं पिवळं सूप बघून आपल्याला आमटी वाटते, त्यात डुकराचं मांस असतं. "सां व्यांद" म्हणजे मांस नको, पण एवढ्यावर थांबू नका, चिकन आणि मासे हे मांसात मोजत नाहीत असे महाभाग आपल्याकडे आहेत तसे तिकडेही आहेत. क्रेप म्हणजे पातळ धिरडी, ती कुठेही मिळतात, चीज-मशरूमची घ्या.

आणि गोडाला मात्र वाईकरांनी पोट मोकळं ठेवा. तिकडे गुऱ्हाळं आहेत! उसाची नाही, झाडाची. मेपलच्या खोडाला मार्च-एप्रिलमध्ये भोक पाडून नळी लावतात, रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा जरा ऊन असलं की रस वाहतो, पाण्यासारखा पातळ. तो काहिलीत आटवायचा, 40 लिटर रसाचा फक्त 1 लिटर पाक. आपल्याकडे काकवी, तसं ते सिरप. आणखी आटवला की मग गंमत. आपण चिक्कीचा पाक झाला का बघायला वाटीभर पाण्यात थेंब टाकतो आणि बोटाने गोळी वळते का बघतो ना, ते लोक तोच पाक स्वच्छ बर्फाच्या पाटावर ओततात, पट्टीसारखा, दोन मिनिटं थांबतात आणि एक काडी त्याच्यावर टेकवून गुंडाळत जातात. बाहेरून गार, आतून कोमट, दाताला असा चिकटतो की बोलता येत नाही. चव काकवीच्या जवळची पण जरा धुरकट, लाकडाची. उन्हाळ्यातही पती-शाँप्लेनमध्ये एका दुकानात किसलेल्या बर्फावर करून देतात. माझी दाढेची कॅप निघाली त्यात, पण दोष कॅपचा, ती आधीपासूनच हलत होती.

फ्रेंच येत नाही, अडेल का? (सातारा, कॉलेजला)

नाही. दुकानात शिरताना "बोंजूर" म्हण, मग इंग्लिशमध्ये बोल. बोंजूर न म्हणता एकदम इंग्लिश सुरू केलंस तर चेहरे जरा आखडतात, आपल्याकडे रिक्षावाल्याशी थेट हिंदीत सुरू झालं की होतात तसेच. स्टॉपच्या पाटीवर फ्रान्समध्येसुद्धा "स्टॉप" लिहितात, इथं मात्र "आरे" लिहितात. गाडीच्या नंबर प्लेटवर "ज म सुव्हियँ" असतं, म्हणजे "मला आठवतंय". 1759 विसरले नाहीत असं समज.

फेब्रुवारीत स्वस्त तिकीट मिळतंय, जाऊ का? (तासगाव)

जा, पण बूट तिकडे जाऊन घे. मी इकडूनच "बर्फाचे बूट" म्हणून भारीतले घेऊन गेले होते, दुकानदाराने छातीठोक सांगितलं मायनस 30 ला चालतात, पहिल्याच दिवशी मायनस 20 मध्ये एका बुटाचा तळ पुढून सुटला आणि मी टेरेसवरनं हॉटेलपर्यंत फटक-फटक करत चालले, मोज्यात बर्फ. मोबाईल खिशातून काढला की बॅटरी 60 वरून थेट बंद, तो आतल्या खिशात अंगाशी ठेव.

बाकी मजा आहे. 1955 पासून दरवर्षी हिवाळी कार्निव्हल असतो, बोनॉम नावाचा लाल टोपीचा बर्फाचा बुवा सगळीकडे फिरतो. नदीत बर्फाचे तुकडे वाहत असतात आणि त्यातून होड्यांची शर्यत लावतात, बर्फ आला की उतरून होडी ढकलत पळायचं, पाणी आलं की परत उडी मारून वल्ही. आणि टेरेसवर लाकडी घसरगुंडी आहे, घसरगाडीवर बसून खाली, 1884 पासूनची. मी 50 व्या वर्षी दोनदा बसले.

ठोसेघर बघितल्यावर तिकडचा धबधबा कशाला बघायचा? (परळी खोरे)

हा प्रश्न परळीकरच विचारू शकतो. माँमोरान्सीचा धबधबा 83 मीटर, नायगारापेक्षा उंच, गावापासून बसने अर्ध्या-पाऊण तासात. फरक असा की माथ्यावरून झुलता पूल आहे, धबधबा पायाखालून उडी मारतो. ऑगस्टमधलं आपलं ठोसेघर धुक्यातून एकदम उघडतं त्याची मजा वेगळी, ती तिथं नाही. पण हिवाळ्यात त्याचे तुषार खाली गोठून बर्फाची टेकडी होते, ती आपल्याकडे कुठून आणणार?

ताई, माझ्या आईचं वय 74, फार चालवत नाही, एकच गोष्ट दाखवायची झाली तर काय दाखवू? (मंगळवार पेठ, सातारा)

फेरी बोट. टूरवाले सांगत नाहीत कारण त्यात त्यांना काही सुटत नाही. खालच्या गावातून पलीकडच्या लेव्ही गावाला जाते, दहा-बारा मिनिटं, तिथले लोक कामावर जायला वापरतात, आपण धोमला लाँचने जातो तेवढंच कौतुक त्यांना. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधीची पकडा. पलीकडे उतरायचं, परत तिकीट काढायचं आणि अंधार पडताना यायचं, तेव्हा कड्यावरचे सगळे दिवे लागतात, खाली नदी काळी होते आणि वर सगळं गाव पिवळं. जाताना बोटीच्या मागच्या बाजूला उभं राहा, येताना पुढच्या. आणि आईंना शाल द्या, नदीवर जूनमध्येसुद्धा वारं बोचतं.